बुजलेल्या विहिरीवरचा गहू

शिरूर तालुक्यातील आमच्या गावी, माळाच्या अंगाला असलेल्या हलक्या मुरमाड जमिनीच्या पट्टीत वडील गहू करीत असत, तेव्हाची ही आठवण आहे. फेब्रुवारी सरत आला की विहीर तळ गाठायची, गव्हाचे शेवटचे पाणी बहुतेक वर्षी चुकायचे आणि आठवडाभरात सारी पट्टी पिवळी पडायची. मात्र बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर एक गोल तुकडा तसाच हिरवागार राहायचा. त्या तुकड्यात शिरले की गहू इतर गव्हापेक्षा वीतभर उंच लागे, पाती रुंद आणि काळपट हिरवी दिसत, आणि ओंबी चोळून पाहिली तर बाजूचा दाणा वाळून टणक झालेला असताना इथला दाणा अजून चिकातच असे. कापणीला आलेल्या बायका तो तुकडा तेवढा सोडून पुढे जात आणि आठ-दहा दिवसांनी वडील स्वतः तो कापून आणीत. मी एकदा कारण विचारले, तेव्हा ते विळ्याला धार लावता लावता म्हणाले, "तिथं आपली जुनी विहीर होती गं. आबांनी बुजवली. खाली गाळमाती आहे, ओल धरून ठेवती."

मी ती विहीर कधीही पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या आधीच ती दगडगोटे, गाळ आणि उकिरड्याची माती टाकून बुजवली होती, वरून नांगर फिरला होता, आणि जमिनीवर उभे राहून पाहिले तर तिथे खळगासुद्धा उरलेला नव्हता. तरीही तिचा घेर किती होता हे मी आज सांगू शकते, कारण दर वर्षी गहू तो आखून दाखवीत होता.

पुढे अनेक वर्षांनी इंग्लंडमधील वुडहेंज या जागेचे हवाई छायाचित्र पाहताना मला हीच पट्टी आठवली. जमिनीखाली गाडले गेलेले अवशेष वरच्या पिकाच्या रंगातून आणि उंचीतून दिसू लागतात, त्यांना पुरातत्त्वाच्या अभ्यासात पीकखुणा म्हणता येईल. वडिलांनी एका वाक्यात सांगितलेले कारणच या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी आहे. ज्यांनी कधी शेत कसलेले नाही त्यांना हे छायाचित्र चमत्कारासारखे वाटते आणि ज्यांनी कसलेले आहे त्यांना ते ओळखीचे वाटते. या दोन्ही वाचकांसाठी हा लेख लिहीत आहे.

आधी कारण नीट समजून घेऊ. दोन-चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी खडूच्या (म्हणजे मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या) किंवा वाळू-गोट्यांच्या थरात खंदक खणला. वस्ती उठली, खंदक हळूहळू वाहून आलेल्या मातीने भरला, आणि ही भर आजूबाजूच्या अस्पर्श थरापेक्षा भुसभुशीत, सेंद्रिय अंशाने समृद्ध आणि म्हणून ओल धरणारी झाली. गव्हाची आणि जवाची मुळे मीटरभर किंवा त्याहूनही खोल जाऊ शकतात. पाऊसमान चांगले असेल तर वरच्या थरातील ओलच सर्व पिकाला पुरते आणि शेत एकसारखे दिसते. पाऊस ताणला की शेतातील बाकीचे पीक तहानते आणि लवकर पिवळे पडते, तर खंदकावरच्या रोपांना खालून ओल मिळत राहते. ती उंच वाढतात, दाट होतात आणि उशिरा पिकतात. वरून पाहिले तर पिवळ्या शेतात हिरव्या शाईने रेघ ओढल्यासारखा तो खंदक दिसतो. जमिनीखाली भिंतीचा पाया, फरसबंदी किंवा रस्ता असेल तर नेमके उलटे घडते. तिथे मातीचा थर पातळ असतो, मुळांना खाली वाव मिळत नाही, पीक खुरटते आणि सर्वांच्या आधी करपते. हिरव्या शेतात फिकट पिवळ्या रेषांनी खोल्या, ओसऱ्या आणि रस्ते उमटतात.

यात जमिनीचा पोत आणि पिकाची जात या दोन्हींना फार महत्त्व आहे. निचरा लवकर होणारी खडूची किंवा वाळू-गोट्यांची जमीन या खुणांना सर्वांत अनुकूल असते, कारण तिच्यात अस्पर्श थर आणि भरलेली माती यांच्या ओलीत मोठा फरक पडतो. चिकणमातीत मुळातच ओल टिकते आणि तो फरक बुजून जातो. पिकांमध्ये जव आणि गहू ही सर्वांत स्पष्ट लिहिणारी पिके आहेत. बटाट्यासारखी पिके फारसे काही सांगत नाहीत, आणि गवत तर अगदी कडक अवर्षण पडल्यावरच बोलते. शिवाय वेळ मोजकी असते. पीक पिकू लागल्यापासून ते पूर्ण पिवळे होईपर्यंतच्या काही दिवसांतच फरक ठळक असतो, आणि त्या दिवसांत वरून विमान गेले नाही तर पुढच्या अवर्षणापर्यंत वाट पाहावी लागते. क्वचित पाऊस जास्त झाल्यावरही खूण दिसते, कारण खंदकावरचा माजलेला गहू वाऱ्यापावसात आधी लोळतो आणि लोळलेल्या पिकाची रेषा त्याच जागी पडते.

या शास्त्राचा पाया ज्याने घातला तो माणूस मुंबईत जन्मला, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८८६ रोजी ब्रीच कँडी येथे झाला. (क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने ओळखले जाई ते आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर; ते वेगळे.) त्यांचे वडील ब्रिटिश सनदी सेवेत होते आणि ठाण्याला न्यायाधीश होते. जन्मानंतर काही दिवसांतच आई वारली, आणि तीन महिन्यांच्या त्या बाळाला बोटीने इंग्लंडला पाठवण्यात आले. प्रवासात त्याचा सांभाळ पुण्याच्या एका ख्रिस्ती मठाची प्रमुख असलेल्या त्याच्या आत्याने केला. वडील इकडेच राहिले आणि मुलगा आठ वर्षांचा असताना वारले. म्हणजे महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जन्माचा आणि आईवडिलांच्या मृत्यूचा, एवढाच राहिला. पण तो खरा आहे आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असावा असे मला वाटते.

क्रॉफर्ड इंग्लंडमध्ये आत्यांकडे वाढले, भूगोल शिकले, आणि पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये निरीक्षक म्हणून विमानातून फिरले. शत्रूचे खंदक वरून पाहून त्यांची छायाचित्रे घेणे आणि नकाशे करणे हे त्या काळातील निरीक्षकाचे काम होते, आणि मातीत खणलेली रेषा आकाशातून कशी दिसते हे त्यांच्या डोळ्यांना त्याच कामात कळले असावे. १९१८ साली ते जर्मनांच्या कैदेत सापडले. सुटकेनंतर १९२० मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे काढणाऱ्या खात्यात ते पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. खात्याच्या नकाशांवर प्राचीन स्थळे अचूक दाखवणे हे त्यांचे काम होते, आणि त्यासाठी ते सायकलवरून आणि पायी मैलोन्‌मैल हिंडत.

नंतर हवाई दलातील क्लार्क-हॉल नावाच्या अधिकाऱ्याने हॅम्पशायर परगण्यावरून घेतलेली काही छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांत शेतांवर चौकटी-चौकटींची एक विचित्र जाळी दिसत होती. क्रॉफर्डनी ओळखले की या चौकटी म्हणजे प्रागैतिहासिक आणि रोमन काळातील शेतांचे बांध आहेत. आजच्या शेतांच्या हद्दींशी त्यांचा काही मेळ नव्हता, त्या त्यांच्या खालून गेल्या होत्या. ज्या टेकड्यांवरून ते वर्षानुवर्षे पायी फिरले होते, तिथे एका जुन्या समाजाची संपूर्ण शेतजमीन पसरलेली होती आणि ती पायी चालणाऱ्याला दिसत नव्हती. हा फरक समजावताना ते गालिच्याचा दाखला देत. गालिच्यावर बसलेल्या मांजराला धागे दिसतात, रंगांचे पुंजके दिसतात; पण नक्षी कळायला माणसाच्या उंचीवरूनच पाहावे लागते. मला हा दाखला फार आवडतो, कारण त्यात मांजराची नजर चुकीची ठरवलेली नाही. धागे तर तेच असतात, फक्त पाहणारा उंचावर गेलेला असतो.

१९२३ साली त्यांनी याच पद्धतीने एक जुना प्रश्न सोडवला. स्टोनहेंज या इंग्लंडमधील प्रागैतिहासिक दगडी वर्तुळापासून 'ॲव्हेन्यू' नावाचा एक प्राचीन मार्ग निघतो. त्याच्या दोन्ही कडांना खंदक होते. दगडांच्या जवळ हा मार्ग जमिनीवर दिसतो, पण पुढे नांगरटीखाली तो नाहीसा झाला होता आणि तो कुठे जातो यावर वाद होता. हवाई दलाने १९२१ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत क्रॉफर्डना दोन फिकट समांतर रेषा वळण घेऊन एव्हन नदीच्या दिशेला जाताना दिसल्या. त्यांनी छायाचित्रावर विसंबून निष्कर्ष जाहीर केला आणि तेवढ्यावर न थांबता त्या वर्षीच्या सप्टेंबरात जागेवर जाऊन चर खणले; छायाचित्राने सांगितलेल्या ठिकाणीच बुजलेले खंदक लागले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, मार्मालेडच्या व्यवसायातून घरी पैसा आलेले हौशी पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कायलर यांच्या खर्चाने विमान भाड्याने घेऊन दोघांनी वेसेक्स प्रदेशाची हवाई पाहणी केली.

आता वुडहेंज. या शास्त्रातील माझ्या मते सर्वांत सुंदर प्रसंग तोच आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते.

गिल्बर्ट इन्सॉल हे हवाई दलातील स्क्वॉड्रन लीडर होते. महायुद्धात त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, जर्मन कैदेतून ते निसटूनही आले होते. डिसेंबर १९२५ मध्ये सॉल्झबरीच्या पठारावर सुमारे २,००० फुटांवरून उडत असताना त्यांना खाली स्टोनहेंज दिसत होते, आणि तिथून अंदाजे तीन किलोमीटरवर एका नांगरलेल्या शेतात तसेच एक वर्तुळ दिसले, ज्याच्या मध्यभागी खडूचे पांढरे ठिपके होते. जमिनीवरून पाहणाऱ्यांनी या जागेला नांगराने सपाट झालेला एक मोठा थडग्याचा उंचवटा मानले होते. इन्सॉल यांनी छायाचित्र घेतले आणि ते थांबले. हिवाळा गेला, त्या शेतात गहू वाढला, आणि १९२६ च्या जुलैत ते पुन्हा वरून गेले तेव्हा शंकेला जागा उरली नाही. गव्हाच्या फिकट पृष्ठावर गडद ठिपक्यांची एकात एक अशी वर्तुळे उमटली होती, आणि त्यांच्या भोवती खंदकाचे रुंद कडे होते.

त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे लाकडी खांबासाठी खणलेला एक खळगा होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोणीतरी खडूच्या थरात खळगे खणून त्यांत प्रचंड खोडे उभी केली होती. खोडे कुजली, खळग्यांत माती भरली, आणि त्या प्रत्येक मूठभर मातीने आपल्यावरच्या गव्हाच्या पाच-पंचवीस रोपांना इतरांपेक्षा थोडी जास्त ओल पुरवली. दगडी भिंत मागे काही ठेवते, हे समजण्यासारखे आहे. पण इथे लाकूडही उरलेले नव्हते. उरली होती ती खोड उभे करण्यासाठी खणलेली जागा, म्हणजे खडूच्या थरातला एक अभाव, आणि गव्हाने तोच दाखवला होता.

मॉड आणि बेन कनिंग्टन या दांपत्याने त्याच वर्षी तिथे उत्खनन सुरू केले. खळग्यांची सहा वर्तुळे निघाली. नीट मोजल्यावर ती पूर्ण गोल नसून किंचित लांबट आहेत असे दिसले. मध्याजवळ एका लहान मुलाचे दफन सापडले. तो सांगाडा लंडनला नेण्यात आला आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाला. कनिंग्टननी पुढे ती जमीन विकत घेऊन राष्ट्राला दिली. आज प्रत्येक खळग्याच्या जागी काँक्रीटचा एक बुटका खांब आहे. मी तिथे गेले तेव्हा रिमझिम पाऊस होता आणि गवत सगळीकडे सारखेच हिरवे होते. त्या खांबांमधून चालताना वर्तुळ कोणते आणि आपण कितव्यात आहोत हे कळेना. सरळ चालत गेले तर खांब वेड्यावाकड्या रांगांत उभे असल्यासारखे भासत होते. जाण्यापूर्वी छायाचित्र पाहिले होते म्हणूनच मी काय पाहते आहे ते मला समजले. मांजराची नजर म्हणजे काय, हे त्या ओल्या गवतात पुरते कळले.

अर्थात विमानाच्या आधीही पिकाकडे नीट पाहणारे लोक होते. विल्यम कॅमडेन या विद्वानाने चारशे वर्षांपूर्वी केंट परगण्यातील रिचबरो या रोमन जागेबद्दल लिहिताना नोंदवले आहे की धान्य वर आले की त्यात एकमेकांना छेदणारे रस्ते दिसतात, कारण रस्त्यांवरचे पीक विरळ असते. अठराव्या शतकाच्या आरंभी विल्यम स्ट्यूकली यांनी ग्रेट चेस्टरफर्ड येथे शेतातील पिकात एका रोमन देवळाचा आराखडा कागदावर काढावा इतका स्वच्छ पाहिल्याचे लिहिले आहे. या दोघांना जे दिसले ते तिथल्या शेतकऱ्यांना त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या दिसत असणार. त्यांनी ते लिहून ठेवले नाही, एवढेच.

१९२८ च्या जुलैत नॉर्फोकमधील केस्टर या गावाजवळ हवाई दलाने टिपलेल्या छायाचित्रात व्हेंटा इसेनोरम या रोमन नगरीचे रस्ते करपलेल्या फिकट रेषांनी काटकोनात छेदताना दिसले. ते वृत्तपत्रात छापून आल्यावर लोकांत इतकी उत्सुकता पसरली की १९२९ मध्ये उत्खनन सुरू झाले. १९३० च्या दशकात मेजर जी. डब्ल्यू. जी. ॲलन यांनी स्वतःच्या लहान विमानातून ऑक्सफर्डच्या आसपासच्या नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीवर अक्षरशः शेकडो खुणा टिपल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या पूलिया प्रदेशात, फोज्जाच्या विमानतळांवरून, जॉन ब्रॅडफर्ड आणि पीटर विल्यम्स-हंट या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लष्करी छायाचित्रांतून नवाश्मयुगीन खेड्यांचे वर्तुळाकार खंदक मोठ्या संख्येने ओळखले. महायुद्धानंतर केंब्रिज विद्यापीठात जे. के. सेंट जोसेफ यांनी हे काम वर्षानुवर्षे पद्धतशीर चालवले, आणि त्यांचा छायाचित्रसंग्रह आज अभ्यासकांना आधार आहे.

अलीकडच्या उदाहरणांत मला आल्तिनोचे सर्वांत मोलाचे वाटते. आल्तिनम हे व्हेनिसच्या खाजणाच्या काठचे रोमन शहर. पाचव्या शतकातील हूणांच्या स्वारीनंतर आणि पुढच्या धामधुमीत त्याची वस्ती उठत गेली, लोक खाजणातील बेटांवर गेले, आणि जाताना व त्यानंतर शहराचे दगडही इमारतींसाठी उचलून नेले गेले. त्यामुळे इथे वर काहीच राहिले नाही. नंतरच्या काळात त्यावर दुसरे शहरही उभे राहिले नाही, तिथे शेती झाली. जुलै २००७ मध्ये कडक अवर्षण असताना पादुआ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या शेतांची हवाई छायाचित्रे घेतली, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातलीही होती. पाण्याचा ताण पडलेले पान अवरक्त प्रकाश निराळ्या प्रमाणात परावर्तित करते, आणि हा फरक पिवळेपणा दिसण्याच्या आधीच टिपता येतो. मका आणि सोयाबीनच्या त्या शेतांतून रस्ते, नगरसभेची जागा, नाट्यगृह, ॲम्फिथिएटर, तटबंदी आणि शहरातून जाणारा मोठा कालवा असा संपूर्ण नगराचा आराखडा उमटला. सोयाबीन म्हटले की आपल्याला मराठवाडा आठवतो. त्याच पिकाने इटलीत एक रोमन शहर काढून दाखवले.

मात्र हिरवी रेघ दिसली की खाली इतिहास आहे, असे समजणे घातक ठरते. जुन्या पाण्याच्या वाहिन्या, निचऱ्याचे चर, बुजवलेले बांध, महायुद्धातील सरावाचे खंदक, या सर्वांच्या खुणा पिकात तितक्याच नेटक्या उमटतात. हिमयुगात गोठलेली जमीन भेगाळून त्या भेगांत माती भरल्यामुळे तयार झालेली बहुकोनी जाळी तर अनुभवी डोळ्यालाही एखाद्या वस्तीसारखी वाटू शकते. म्हणून अभ्यासक एका वर्षाच्या छायाचित्रावर विसंबत नाहीत. निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या पिकांतली छायाचित्रे एकत्र नकाशावर उतरवतात, आकार तपासतात, आणि जिथे निकाल हवा तिथे खणतात. आमच्या विहिरीचे उदाहरण इथेही लागू पडते. नुसत्या छायाचित्रावरून एखाद्याने त्या हिरव्या वर्तुळाला प्राचीन घराचा पाया म्हटले असते. ती विहीर आहे हे वडिलांना माहीत होते म्हणून आम्हाला माहीत होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. पीकखुणा तिथेच दिसतात जिथे वरचे बांधकाम आधीच सपाट झालेले असते. थडग्याचा उंचवटा किंवा तटाचा बांध शाबूत असता तर तिथे नांगर चाललाच नसता आणि गहूही उभा राहिला नसता. नांगरानेच हे शेत आपल्याला वाचायला दिले आहे, आणि तोच नांगर दर हंगामात खंदकातील भरलेली माती थोडी थोडी वर ओढून आणतो. ट्रॅक्टरची खोल नांगरट आल्यापासून हे काम फार वेगाने होते. काही स्थळांच्या बाबतीत जुने छायाचित्र हाच आता एकमेव पुरावा उरला आहे. म्हणून अशा छायाचित्रांचे जतन मला उत्खननाइतके महत्त्वाचे वाटते. क्रॉफर्डनाही ते कळले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे कार्यालय असलेले साउथहॅम्प्टन शहर बॉम्बहल्ल्याच्या टप्प्यात आले, तेव्हा त्यांनी पुरातत्त्वाची बरीच सामग्री नर्सलिंग या गावातील स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये हलवली. १९४० च्या नोव्हेंबरात कार्यालयाची इमारत बॉम्बने उद्ध्वस्त झाली. गॅरेजमधली सामग्री वाचली.

मग आपल्याकडे अशी छायाचित्रे का दिसत नाहीत, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. काही कारणे सरळ आहेत. हवेतून छायाचित्रे घेण्यावर आपल्याकडे दीर्घकाळ कडक निर्बंध होते आणि आजही ड्रोन उडवायचा तर २०२१ च्या नियमांनुसार कुठे आणि कसा, हे पाहावे लागते. दुसरे कारण जमिनीचे आहे. नदीकाठची आपली काळी, रेगूर जमीन ओल घट्ट धरते, वाळताना भेगाळते आणि स्वतःच वर-खाली होते. खडूच्या पांढऱ्या थरात कोरलेल्या खंदकासारखा स्वच्छ फरक तिच्यात पडणे अवघड आहे. खरिपात पाऊस असतो. रब्बीची मालदांडी ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते, तिच्यात ताणाचा फरक दिसायला हवा, आणि मला वाटते की हलक्या जमिनींवर रब्बीच्या शेवटच्या पंधरवड्यात कोणीतरी चिकाटीने पाहणी केली तर काही ना काही हाती लागेल. हा माझा अंदाज आहे, पण तो आमच्या पट्टीत उभे राहून केलेला आहे.

तिसरे कारण मात्र आनंदाचे आहे: आपल्याकडे जुन्या वस्त्यांना स्वतःचे नाव आहे. गावगाड्याच्या भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. शतकानुशतके राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि केरकचरा साचून वस्तीची माती फिकट, राखाडी होते आणि टेकाडासारखी वर येते. वस्ती उठून हजारो वर्षे झाली तरी तो रंग राहतो, आणि नदीकाठच्या काळ्या रानात पांढरीचे टेकाड दुरूनही ओळखू येते. आमच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांचे संपूर्ण गाव उजेडात आणले; घरांच्या जमिनी, चुली, खांबांचे खळगे, रांजणांत पुरलेली लहान मुले आणि पाण्यासाठी काढलेला पाटसुद्धा. अशी स्थळे टेकाडांवरून आणि वर विखुरलेल्या खापरांवरून सापडतात. पांढरीची माती पिकाला उत्तम खत ठरते, हेही शेतकऱ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच गाड्या आणि पुढे ट्रॉल्या भरभरून ती शेतांत पसरली गेली आणि कितीतरी टेकाडे अशी विरत गेली. इंग्लंडमध्ये नांगराने जे केले ते इथे खोऱ्या-फावड्याने झाले. दोन्हीकडे ओल आणि कस धरून ठेवण्याचा त्या मातीचा गुणच कारणीभूत ठरला.

२०१८ च्या उन्हाळ्यात युरोपात मोठे अवर्षण पडले. त्या जुलैच्या १० तारखेला आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात, न्यूग्रेंजच्या प्रसिद्ध प्रागैतिहासिक समाधीजवळ, अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स या दोघांनी ड्रोन उडवला आणि पडद्यावर एका शेतात तुटक रेषांचे एक प्रचंड वर्तुळ पाहिले. तीनशे वर्षे विद्वान, प्रवासी आणि उत्खनक ज्या परिसरात वावरले, तिथे ते कोणालाही दिसले नव्हते. ती बातमी मी वाचली त्याच आठवड्यात गावी फोन केला आणि वडिलांना म्हटले की येत्या फेब्रुवारीत मी ड्रोनवाल्या एका मुलाला घेऊन येते, आपल्या पट्टीचे वरून छायाचित्र काढू. विहिरीचे वर्तुळ तर येईलच, पण पट्टीच्या दक्षिण टोकाला गहू नेहमी एका सरळ रेषेत आधी करपायचा, ती रेषा कशाची हे आम्हा कोणालाच कधी सांगता आले नव्हते.

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तिथं आता ऊस आहे. ठिबक केलंय औंदा."

ठिबकचे पाणी प्रत्येक रोपाच्या मुळाशी सारखे पडते, आणि उसाला ताण पडू द्यायचा नसतो. त्या फेब्रुवारीत मी गेले तेव्हा बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारे रान एकाच रंगाचे हिरवे होते. वडिलांच्या मागोमाग सरीतून चालत मी वीस-पंचवीस पावले मोजली. ते एका जागी थांबले, पायाने माती जरा उकरून पाहिली आणि म्हणाले, "इथंच." मी फोनमध्ये त्या जागेची नोंद केली आणि दक्षिणेच्या टोकाला जाऊन करपणारी रेषा जिथून सुरू व्हायची तिथली आणि जिथे संपायची तिथलीही करून ठेवली.